अपंग मूल अठराचं झालं की पालकत्वाचं प्रमाणपत्र कसं काढायचं

मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्याच्या लेखी तो सज्ञान, आणि त्याच्या वतीने आईवडिलांची सही चालेनाशी होते. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे थेट त्याच्याच आधार जोडलेल्या खात्यात येतात, पण ते खातं चालवायला बँक पालकत्वाचा कागद मागते. मतिमंदत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असेल तर हा कागद १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली मिळतो. कोर्टात जावं लागत नाही. (स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांसाठी मात्र हा रस्ता नाही, तिथे उच्च न्यायालयात याचिकाच करावी लागते.)

अर्ज फॉर्म 'ए'वर, जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे. चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करा. न्यासाकडे नोंदलेली एखादी संस्था जवळ असेल तर तिच्यामार्फतच जा, कारण तिथल्या लोकांना कागद कुठे अडतो ते पाठ असतं. सोबत यूडीआयडी कार्ड (अपंगांचं सरकारी ओळखपत्र), अपंगत्वाचं प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, मुलाचं आणि पालकाचं आधार, फोटो. भाऊ-बहीण किंवा काका पालक होणार असतील आणि आईवडील हयात असतील, तर त्यांची लेखी संमती आधीच घेऊन ठेवा.

अडतं ते बहुधा किरकोळ गोष्टींवर. आधारवर 'गणेश दत्तात्रय' आणि यूडीआयडीवर नुसतं 'गणेश डी.' असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. अपंगत्वाचं प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर मुदत तपासा. चारपैकी कोणतं अपंगत्व ते त्यावर स्पष्ट लिहिलेलं हवं. समितीची बैठक ठरावीक काळानेच होते, त्यामुळे एका झेरॉक्ससाठी अर्ज पुढच्या बैठकीवर जाऊ शकतो.

पालकत्व कशासाठी हवं तेही समिती बघते. 'सर्व कामांसाठी' असं मोघम लिहू नका. बँक खातं, पेन्शन, वाट्याला आलेली जमीन, असं एकेक लिहा.

प्रमाणपत्र हातात आलं की लोक निर्धास्त होतात, आणि इथेच चुकतं. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी फॉर्म 'सी'त द्यायची असते, आणि दर वर्षी ३० जूनपर्यंत मागच्या आर्थिक वर्षाचा हिशेब फॉर्म 'डी'त. त्याचं खातं वेगळं ठेवा, औषधांची बिलं महिन्यावारी टाचून ठेवा.

वडील केंद्र सरकारचे पेन्शनर असतील तर त्यांच्या हयातीतच कुटुंब पेन्शनसाठी मुलाचं नाव पीपीओत (पेन्शनच्या आदेशात) घालून घ्या.