स्टीमपंकची सुरुवात कोळशापासून करा

स्टीमपंक म्हणजे वाफेच्या यंत्रांवर चालणारं काल्पनिक जग. टोपीवर चार दातेरी चाकं चिकटवली की ते झालं, हे मला अजिबात पटत नाही. चाक कशाला तरी फिरवत असलं पाहिजे. म्हणून चित्रात मी आधी भट्टी काढते. मग बॉयलर, त्यातून निघणारा नळ, नळापुढे सिलिंडर आणि आत मागे-पुढे होणारा दट्ट्या. क्रँकमुळे ती हालचाल गोल फिरू लागते आणि दातेरी चाकांचं काम तिथून पुढे. वाफेची ही वाट चित्रावर बोटाने गिरवता आली पाहिजे.

बॉयलर लोखंडी पत्र्यांचा काढा. रिव्हेटच्या रांगा पत्र्यांच्या सांध्यांवरच येऊ द्या. पितळ राखून ठेवा झडपांना आणि दाबमापकाच्या कडीला; रोज हात लागतो तिथे ते चकाकतं, खाचांत काळवंडतं.

माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे गव्हर्नर, इंजिनाचा वेग आवरणारा भाग. जेम्स वॉटने तो १७८८ मध्ये आपल्या इंजिनाला बसवला. उभ्या दांड्याभोवती दोन जड गोळे फिरतात. वेग वाढला की ते बाहेर फाकतात आणि वाफेची झडप आवळली जाते. गोळे फाकलेले आणि झडपेचा दांडा तुटलेला दाखवलात, तर पुढे काय होणार ते वाचक न सांगता ओळखतो.

हवाई जहाज हवंच असेल तर फ्रेंच अभियंता आँरी जिफारचं पाहा. १८५२ मध्ये पॅरिसहून तो ३ अश्वशक्तीच्या वाफेच्या इंजिनावर सुमारे २७ किलोमीटर गेला, पण वाऱ्याविरुद्ध परत येता आलं नाही. वर ज्वालाग्राही वायू असल्याने धुराडं खाली वळवलेलं होतं! अशी एक अडचण दहा शोभेच्या नळ्यांपेक्षा मोलाची.

आता कथा. इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजचं १८३७ मधलं ॲनॅलिटिकल इंजिन, म्हणजे आकडेमोड करणारं यंत्र, कधी पूर्ण झालं नाही. ते झालं असं धरा आणि लगेच विचारा, हाताने आकडेमोड करून पोट भरणाऱ्या कारकुनांचं काय झालं? कोळसा कोण खणतंय? ब्रिटनमध्ये १८४२ च्या कायद्याने बायकांना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना खाणीत उतरवायला बंदी आली. तुमच्या लंडनला दसपट कोळसा लागत असेल, तर हा कायदा मंजूर होईल का? झाला नाही असं ठरवलंत, तर पहिला प्रसंग जहाजावर नको, खाणीच्या तोंडाशी लिहा.