आधी बूड बघा: पश्चिम जर्मनीच्या जुन्या फुलदाण्या जमवताना या चुका टाळा

जर्मनीतल्या जुन्या बाजाराला इथे फ्लोमार्क्ट म्हणतात. शनिवारी सकाळी माणसं चादरी पसरून घरातलं जुनं सामान मांडून बसतात. त्यात हमखास एक फुलदाणी असते: नारिंगी किंवा तपकिरी, आणि अंगावर उकळता उकळता थिजल्यासारखी काळी, जाड, खरबरीत झिलई. ती लांबूनच नजरेत भरते. नवा माणूस तिचा दर्शनी भाग बघतो आणि पाकीट काढतो.

मीही तशीच सुरुवात केली. स्टुटगार्टला राहायला आल्यावर पहिल्या वर्षात अकरा फुलदाण्या घेतल्या, त्यांतल्या चार आज माझ्याकडे आहेत. उरलेल्यांत काही चिकटवलेल्या निघाल्या, काही पश्चिम जर्मनीच्या नव्हत्याच, एक तर अगदी अलीकडची होती. हे सगळं त्यांच्या बुडाकडे बघून तिथल्या तिथे कळलं असतं. म्हणून आता फुलदाणी हातात घेतली की मी ती आधी उलटी करते.

'३०' म्हणजे १९३० नव्हे

बुडावर '५१७-३०' आणि शेजारी 'डब्ल्यू. जर्मनी' अशी अक्षरं दिसली की विकणारा खुशाल सांगतो, ही १९३० सालची. ते शक्यच नाही. पश्चिम जर्मनी हा देश १९४९ साली झाला आणि १९९० साली दोन्ही जर्मनी एक झाल्या. हा शिक्का असलेली वस्तू या एकेचाळीस वर्षांतलीच असणार. शिक्का इंग्रजीत आहे, कारण हा माल मोठ्या प्रमाणावर परदेशी जायचा.

मग ते आकडे कसले? पहिला आकडा साच्याचा, म्हणजे आकाराचा. दुसरा उंचीचा, सेंटिमीटरमध्ये. ५१७ हा माइन नदीकाठच्या क्लाइनहॉयबाख गावातल्या शॉयरिश कारखान्याचा आकार, उंची ३० सेंटिमीटर. त्याच कारखान्याची ४१४-१६ ही कानाची छोटी सुरई बाजारात वारंवार दिसते.

एवढं कळलं की पिशवीत मोजपट्टी ठेवायची सवय लागते, आणि तिचा खरा उपयोग वेगळाच आहे. माती वाळताना आणि भट्टीत आक्रसते, त्यामुळे काही मिलिमीटरचा फरक पडतोच. पण बुडावर ३० लिहिलंय आणि फुलदाणी २८ भरतेय, तर काठावरून बोट फिरवा. काठाला टवका उडालेली फुलदाणी वरून घासून सपाट करतात आणि 'अशीच असते' म्हणून विकतात. घासलेल्या काठावर झिलईची गोलाई राहत नाही; तिथे कोरडी, मातकट, धारदार कड लागते. माझी एक सुरेख निळी फुलदाणी अशीच तासलेली होती. विकणाऱ्याने तिला निर्दोष म्हटलं होतं, आणि मी घरी येऊन मोजली.

आणखी एक घोटाळा. क्रमांक ज्या त्या कारखान्याचे आपापले असत, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून कारखाना ठरवू नका. आकडा, अक्षरांचं वळण, उघड्या मातीचा रंग, बुडाच्या कडेची ठेवण हे सगळं एकत्र जुळावं लागतं. शिक्का पुसट आहे म्हणून वस्तू नकली, असंही समजू नका. या फुलदाण्या प्लास्टरच्या साच्यात पातळ माती ओतून घडवत. शिक्का त्या साच्यातच असे. साचा वापरून झिजला की अक्षरंही झिजत. मोबाईलचा टॉर्च बुडाला समांतर, अगदी आडवा धरा. सावल्या पडतात आणि जे सरळ बघून दिसत नव्हतं ते वाचता येतं.

बुडाला फेल्ट, म्हणजे जाड लोकरीसारखं कापड, चिकटवलेलं असेल तर कोपरा उचलून बघायची परवानगी मागा. बहुतेक वेळा ते टेबलाला चरे पडू नयेत म्हणून लावलेलं असतं, पण त्याखाली काय दडलंय ते उचलल्याशिवाय कळत नाही. परवानगी मिळाली नाही तर मी फुलदाणी खाली ठेवते.

पूर्व जर्मनीतही त्याच काळात हाल्डेन्सलेबेन आणि स्ट्रेला इथल्या कारखान्यांत फुलदाण्या होत होत्या, काही फार देखण्या. त्या सर्रास पश्चिम जर्मनीच्या म्हणून विकल्या जातात. त्या घ्याव्यात, जरूर घ्याव्यात, फक्त काय घेतोय ते माहीत असावं.

प्रत्येक खरबरीत वस्तू 'फॅट लाव्हा' नसते

'फॅट लाव्हा' म्हणजे 'जाड लाव्हा', सुरुवातीला सांगितलेल्या त्या जाड, खरबरीत झिलईचं नाव. हे नाव कारखान्यांनी दिलेलं नाही. इंग्लंडमधल्या किंग्ज लिन गावी २००६ साली या फुलदाण्यांचं प्रदर्शन झालं, त्यानंतर ते संग्राहकांच्या तोंडी रुळलं. आता विकणारे कुठल्याही तपकिरी मडक्याला ते चिकटवतात.

खऱ्या लाव्हा झिलईमागे भट्टीतली एक साधी क्रिया आहे. झिलईत सिलिकॉन कार्बाइडची पूड मिसळतात. तापल्यावर तिच्यातून वायू सुटतो, वितळलेली झिलई फसफसते, बुडबुडे वर येऊन फुटतात आणि थंड होताना त्यांची विवरं तशीच थिजतात. विवरांच्या कडा बोटाला टोचतात, आतून मात्र ती गुळगुळीत असतात. रंगात वाळू कालवून आणलेला खरबरीतपणा बोटाला निराळा लागतो. दोन्ही एकदा हाताळले की पुन्हा फसायला होत नाही.

राइनबाख गावच्या रुशा कारखान्यात ओटो गेरहार्त्स यांनी १९५९ साली 'वुल्कानो' नावाची अशी झिलई केली. पुढे त्यांनी स्वतःचा कारखाना काढला आणि तिथे या जातीच्या झिलया कैक दशकं होत राहिल्या. त्यामुळे लाव्हा दिसली की साठचं दशक, असं समीकरण मांडू नका. आकारावरूनही साल ठरत नाही. कुर्ट च्योर्नर यांनी १९५४ साली रुशासाठी केलेली ३१३ क्रमांकाची सुरई इतकी लोकप्रिय झाली की ती अनेक वर्षं, वेगवेगळ्या झिलयांत निघत राहिली. काळाचा अंदाज बांधायचा तो आकार आणि झिलई दोन्ही एकत्र बघून.

इथे माझं एक मत. या लाव्हाच्या नादात लोक पन्नासच्या दशकातल्या शांत फुलदाण्या मागे सोडून जातात. किंचित कललेले आकार, पातळ माती, हाताने ओढलेल्या रेघा, फिक्या पिवळ्या-करड्या रंगांचे चौकोन. मिड-सेंच्युरी, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यावरची शैली, हा शब्द खरा शोभतो तो त्यांना. बाय केरामिक या कारखान्यासाठी बोडो मान्स यांनी केलेली कामं बघा. लाव्हा न आवडणाऱ्यालाही ती आवडतील.

दुर्मिळ म्हणून जास्त पैसे मोजणे

या वस्तू कारखान्यात, साच्यातून, साध्या माणसांच्या दिवाणखान्यासाठी झाल्या. ५१७-३० दुर्मिळ नाही. ४१४-१६ तर मुळीच नाही. एकाच साच्यातल्या दोन फुलदाण्यांपैकी एकीला वीस युरो पडतात आणि दुसरीला कितीतरी पट, तो फरक झिलईमुळे आणि ती कशी टिकली आहे त्यामुळे. विकणारा 'दुर्मिळ' म्हणाला की मी शांतपणे विचारते, यातलं काय दुर्मिळ, आकार की झिलई? ज्याला खरं माहीत असतं तो आनंदाने सांगतो.

टवका, तडा आणि भट्टीतली खोड

लाव्हा झिलईवर टवका लपतो, कारण सगळंच ओबडधोबड असतं. त्यामुळे नवे लोक दोन उलट चुका करतात: एक तर टवका दिसत नाही, नाहीतर भट्टीतल्या नैसर्गिक खोडीला टवका समजून चांगली वस्तू सोडतात.

भट्टीत झिलई एखाद्या जागी चढलीच नाही, तर त्या जागेच्या कडा वितळून गोल झालेल्या असतात. नंतर उडालेल्या टवक्याच्या कडा धारदार असतात आणि आत कोरडी, फिकी माती दिसते. नजरेपेक्षा नखाला हे चटकन कळतं. झिलईत जळमटासारख्या बारीक रेषांचं जाळं असेल तर तोही तडा नव्हे. माती आणि झिलई वेगवेगळ्या मापाने प्रसरण पावतात, त्यातून ते येतं. ते मला खुपत नाही.

खरा तडा आतून शोधावा. तोंडातून टॉर्च घालून आतल्या भिंती बघा आणि बाहेरून बोटाच्या पेराने टिचकी मारा. ही माती पोर्सिलीनसारखी किणकिणत नाही, तरी धड फुलदाणीचा आवाज भरीव येतो आणि तडा गेलेलीचा फुटक्या मडक्यासारखा बद्द. सुरईचा कान जोडलेल्या जागा दोनदा बघा. कानाला धरून सुरई उचलणं ही तर या छंदातली सर्वात महागडी सवय. तळहात बुडाखाली हवाच.

दुरुस्ती ओळखायला अतिनील टॉर्च ठेवा. अंधाऱ्या जागी त्या उजेडात गोंद आणि वरून दिलेला रंग बहुधा आजूबाजूच्या झिलईपेक्षा वेगळा चमकतो.

बुडाच्या आतल्या कडेला छोटा टवका असेल तर मी वस्तू घेते. तोंडाच्या काठाला असेल तर नाही, कितीही स्वस्त असली तरी. नजर दर वेळी तिथेच जाते.

पाणी घालणे

फुलदाणी आहे म्हणून तिच्यात पाणी घातलं. माझी सर्वात मोठी चूक हीच. सहा-सात दिवसांनी लाकडी फडताळावर पांढरं कडं उठलं, ते आजही आहे.

कारण मातीत आहे. आपल्याकडची लोणच्याची बरणी वर्षानुवर्षं मीठ आणि खार पोटात ठेवते, कारण तिची माती फार उंच तापमानाला भाजून दगडासारखी घट्ट झालेली असते. जर्मनीत वेस्टरवाल्डच्या डोंगराळ भागात अशाच घट्ट मातीच्या, करड्या-निळ्या, मिठाची झिलई दिलेल्या सुरया शेकडो वर्षं होत आल्या आहेत. त्या मुलखाचं नावच 'कानेनबेकरलांड', म्हणजे सुरया भाजणाऱ्यांचा मुलूख. तिथल्या ह्योर-ग्रेन्झहाउझेन गावी मातीकामाचं मोठं संग्रहालय आहे. जमलं तर एक दिवस तिथे घालवा, नजर तयार होते. बाय केरामिकही त्याच मुलखातली. पण साठ-सत्तरच्या दशकातल्या आपल्या या फुलदाण्यांची माती बहुतेक वेळा कमी भाजलेली, सच्छिद्र असते. पाणी अडतं ते फक्त आतल्या झिलईमुळे. तिला सुईएवढी भोकं किंवा बारीक भेगा असल्या की पाणी मातीत मुरतं आणि झिलई नसलेल्या बुडातून पाझरतं.

घेतल्यावर एकदा तपासा. आत पाणी भरून फुलदाणी कोऱ्या कागदावर रात्रभर ठेवा. सकाळी कागद ओला असेल तर तिच्यात पाणी पुन्हा घालू नका. ताजी फुलं हवीच असतील तर आत काचेची अरुंद बाटली किंवा परीक्षानळी ठेवून तिच्यात पाणी घाला. गळकी फुलदाणी आतून सिलिकोन लावून बंद करायचा सल्ला मिळतो, तो मी मानत नाही; ते पुन्हा नीट निघत नाही.

या भांड्यांतून खाणं-पिणं तर नकोच. झगझगीत लाल आणि नारिंगी झिलईत बहुधा कॅडमियम हा विषारी धातू असतो, जुन्या झिलयांत शिसंही असू शकतं, आणि आंबट पदार्थाने ते सुटून अन्नात येतं. वाडग्यात लिंबं ठेवायचा मोह होतो. न कापलेली ठेवा, कापलेली नकोत.

स्वच्छ करताना होणारं नुकसान

डिशवॉशर, तारेची घासणी आणि रात्रभर बादलीत भिजवणं, तिन्ही वर्ज्य. विवरांतली धूळ दाढीच्या मऊ ब्रशने कोरडीच झटकावी, मग कोमट पाण्यात चिमूटभर साबण घालून मऊ टूथब्रश फिरवावा. बूड भिजू देऊ नका. आत पाण्याचा पांढरा क्षार धरला असेल तर पातळ केलेलं व्हिनेगर फक्त आत, दहा मिनिटं, मग भरपूर पाण्याने धुणं. बाहेरच्या रंगीत झिलईला आम्ल लावू नका. डाग काढायला ब्लीच वापरू नका; ते सच्छिद्र मातीत मुरतं, मागे राहिलेला क्षार स्फटिक होऊन झिलईला आतून ढकलतो आणि तिचे पोपडे निघतात. कारखान्याचा चंदेरी कागदी शिक्का टिकला असेल तर त्याला पाणीही लागू देऊ नका.

आईसाठी एक ४१४-१६ पुण्याला नेली, तेव्हा बुडाचं फेल्ट पावसाळ्यात ओल धरून बुरशीने काळं पडलं. आपल्याकडच्या हवेत फेल्टपेक्षा कॉर्कचे तीन छोटे ठिपके बरे, खालून हवा खेळते. नेताना आत कागदाचे बोळे घट्ट भरले होते, कानाच्या पोकळीतही, आणि ती विमानात हातातल्या पिशवीतच ठेवली.

फुटलीच तर घाईने सुपरग्लू लावू नका. तुकडे कोरडे, कडा न घासता, एकेक वेगळे कागदात गुंडाळून ठेवा, अगदी तांदळाएवढी खपलीसुद्धा. संवर्धनाचं काम करणारे पॅरालॉइड बी-७२ नावाचं चिकटद्रव्य वापरतात; ते अ‍ॅसिटोनने विरघळतं, म्हणून जोड चुकला तर सोडवून पुन्हा करता येतो.