टेक्नेशियम लिहिताना या चुका टाळा (प्लीज!)

दादरला बारावीची केमिस्ट्री शिकवतो. टेक्नेशियम या किरणोत्सर्गी, बहुतांशी कृत्रिमरीत्याच बनवल्या जाणाऱ्या मूलद्रव्यावर प्रश्न टाकला की दरवर्षी तेच वाचायला मिळतं.

कृत्रिम म्हणजे युरेनियमच्या पुढचंच असणार, हा पहिला गोंधळ. अरे अणुक्रमांक 43 आहे, मँगनीजच्या बरोब्बर खाली, टेबल उघडून बघायला काय जातं? हिरवं बिरवं चमकत नाही, चंदेरी-राखाडी धातू आहे. आणि 'निसर्गात अजिबात नाही' असंही लिहू नका, युरेनियमच्या खनिजात किंचित असतं.

पण डोक्यात जाते ती चूक म्हणजे टेक्नेशियम-99 आणि 99एम (त्याचंच जास्त ऊर्जेचं रूप) एकच धरणं. एका विद्यार्थ्याच्या आजीचा परळला बोन स्कॅन झाला, पठ्ठ्याने रात्री मोबाइलवर टेक्नेशियमची हाफ-लाइफ (निम्मं उरायला लागणारा वेळ) शोधली, पहिलाच आकडा 2 लाख 11 हजार वर्षं, झालं, आजीचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं, तेही चाळीतल्या दोन खोल्यांत, आणि आजी विचारतेय "मला काय लागण झालीय का रे?" अरे बाबा, स्कॅनला देतात ते 99एम, त्याची हाफ-लाइफ 6 तास, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला सोळावा हिस्सा उरतो, शिवाय लघवीतून जातं ते वेगळंच. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं पाळा की.

यावर हुशार पोरं म्हणतात, सर, 99एमचं पुढे 99च होतं ना? होतं. पण हाफ-लाइफ जेवढी लांब तेवढे सेकंदाला फुटणारे अणू कमी, तेवढ्याच अणूंची ॲक्टिव्हिटी (म्हणजे हाच फुटण्याचा वेग) साधारण 30 कोटी पटीने खाली येते. मोठा आकडा बघून घाबरायचं नसतं, तो कशाचा आहे ते बघायचं असतं. मी तर वहीत नुसतं 99 लिहितच नाही, शेजारी हाफ-लाइफ लिहूनच पुढे जातो.

टेक्नेशियमचा शोध अमेरिकन शास्त्रज्ञ लॉरेन्सने लावला, हे रील्सवरचं ज्ञान. त्याच्या बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमधली (कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र) मॉलिब्डेनमची पट्टी पोस्टाने इटलीत पालेर्मोला गेली आणि तिथे 1937 मध्ये सेग्रे आणि पेरिए यांनी त्यातून 43 नंबर ओळखला. 43 नंबर सापडल्याचा 1925 चा 'मासुरियम' नावाने केलेला दावा सिद्ध झाला नाही, तो उत्तरात घुसडू नका.

आणि दोन हाफ-लाइफनंतर शून्य उरतं असं लिहिणाऱ्यांनो, 6 तासांनी अर्धं, 12 तासांनी पाव. पाव!