ट्री पिओनीला फुलं येत नाहीत? आधी या चुका बघा

आमच्याकडे न्यू जर्सीत मे उजाडला की ज्यांच्या दारात ट्री पिओनी (लाकडी फांद्यांचं, मोठ्या फुलांचं झुडूप) आहे त्यांच्याकडे ताटलीएवढी फुलं दिसतात, आणि ज्यांच्याकडे नुसता पाला आहे ते विचारतात की चार वर्षं झाली, खत घालतोय, पाणी घालतोय, चुकतंय कुठे? बहुतेक वेळा चूक लावतानाच झालेली असते आणि ती आपण गुलाब-आंब्याच्या सवयीने करतो.

सगळ्यात मोठी चूक कलमाच्या जोडाची. आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेलं असतं की जोड मातीत जाता कामा नये, इथे नेमकं उलटं आहे. ट्री पिओनीची काडी बहुतेक वेळा साध्या पिओनीच्या मुळावर बांधतात, म्हणजे ती जी दर हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळते तिच्या. ते मूळ म्हणजे दूधआई, पहिली काही वर्षं पोसण्यापुरती, वरच्या काडीला स्वतःची मुळं फुटायला हवीत, म्हणून जोड १० ते १५ सेंमी खोल गाडायचा. माझं पहिलं झाड मी जोड वर ठेवून लावलं होतं, तीन वर्षं वीतभर काडी आणि चार पानं, बस. शेवटी ऑक्टोबरमध्ये उकरून बघितलं तर जोडाच्या वर एकही पांढरं मूळ नाही. खोल लावलं, त्यानंतर चौथ्या मेमध्ये पहिलं फूल आलं, इतका धीर धरावा लागतो खरंच.

दुसरं, खुंटाचे, म्हणजे खालच्या साध्या पिओनीच्या मुळाचे फुटवे. बुडातून जोमदार कोंब आला की आपण खूश होतो, पण पान नीट बघा. ट्री पिओनीचं पान कातरलेलं, जरा निळसर-राखाडी, चमक नसलेलं, खुंटाचं पान गडद हिरवं आणि चकचकीत, आणि त्याची दांडी थंडीत मऊ पडून वाळते. असा फुटवा दिसला की माती बाजूला करून जिथून निघालाय तिथूनच काढा, वरवर कापला तर परत येतो आणि हळूहळू वरच्या झाडाला मारतो.

छाटणी तर कृपा करून करू नका!! साधी पिओनी शरदात जमिनीलगत कापतात, ते बघून लोक हिलाही कापतात आणि पुढच्या वर्षीची सगळी फुलं कचऱ्यात जातात, कारण कळ्या जुन्या लाकडावरच्या डोळ्यांत असतात. पानगळ झाल्यावर टोकाचा डोळा बघा, गुबगुबीत असेल तर फुलाची आशा, बारीक टोकदार असेल तर बहुधा नुसती पानं. मेलेली काडी तेवढी काढा.

बाकी नेहमीचंच. चिकण मातीत पाणी साचलं की मुळं कुजतात, लॉनचं नायट्रोजनवालं खत बुडाशी पडलं की पालाच पाला, मोठ्या मेपलखाली लावलं तर त्याची मुळं सगळं ओढून घेतात. पाचसहा तास ऊन हवं, दुपारची सावली चालते. आणि जागा सारखी बदलू नका, एकदा हलवलं की दोनतीन वर्षं रुसतं. लावायची वेळ सप्टेंबर-ऑक्टोबर. पहिल्यांदाच घेत असाल तर पिवळी हाय नून घ्या, पिओनीच्या नव्या जाती तयार करणाऱ्या साँडर्स यांनी १९५२ साली आणलेली संकरित जात आहे, जोमाने वाढते.

पुण्यामुंबईत मात्र हे झाड लावू नका, कितीही मन झालं तरी. चीनमधलं लुओयांग या फुलांसाठी प्रसिद्ध आहे, तिथे हिवाळ्यात चांगली थंडी पडते, आणि तशी थंडी मिळाल्याशिवाय कळी नीट उमलतच नाही.

एवढं सगळं बरोबर असूनही कळी वाटाण्याएवढी होऊन काळी पडली तर बऱ्याचदा ते एप्रिलमधल्या उशिराच्या दहिवराचं (गोठलेल्या दवाचं, फ्रॉस्टचं) काम असतं. रात्री तापमान शून्याखाली जाणार असेल तर जुनी सुती चादर टाका, प्लास्टिक नको, कळीला चिकटलं तर तिथेच गोठतं, आणि सकाळी ऊन आलं की काढून घ्या.