एम८ आणि अडीच सूत एकच समजू नका

रबाळे एमआयडीसीत आमच्या शॉपमध्ये एका नवीन पोराने अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये बोल्ट लावला, दोन आटे मस्त गेले, मग जड जायला लागला तर त्याने सरळ पाना लावून रेटला, आणि आतले आटेच सगळे निघून आले. भोक एम८चं होतं, म्हणजे ८ एमएमच्या मेट्रिक बोल्टचं, आणि बोल्ट अडीच सूत, म्हणजे इंचाच्या मापाचा.

पोराची चूक मी धरत नाही, कारण व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावला तरी फसायला होतं. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, ७.९४ एमएम. आणि एम८चा बोल्ट पण पूर्ण ८ कधी भरत नाही, ७.८-७.९ येतो, तेवढा क्लिअरन्स ठेवलेलाच असतो. म्हणून नुसता डाया (व्यास) बघून भागत नाही, पिच बघायचाच. पिच म्हणजे एका आट्याच्या शेंड्यापासून पुढच्या शेंड्यापर्यंतचं अंतर.

पिच गेज नसेल तर साधी स्टीलची पट्टी घ्या, एका शेंड्यावर शून्य धरा आणि तो सोडून पुढचे दहा शेंडे मोजा. दहावा साडेबारा एमएमवर आला तर पिच १.२५, एम८ पक्का. १४च्या थोडा पुढे गेला तर तो इंचाला १८ आटेवाला अडीच सूत. डोक्यावर ८.८ असं (ताकदीची ग्रेड) कोरलेलं असेल तर बोल्ट मेट्रिकच.

पिच लिहिलेला नसेल तर कोर्स (नेहमीचा जाड आटा) धरायचा: एम५ला ०.८, एम६ला १, एम८ला १.२५, एम१०ला १.५, एम१२ला १.७५. फाइन (बारीक आटा) असेल तर लिहितात, एम१०×१.२५ असं.

टॅप मारायचा असेल, म्हणजे भोकात आटे पाडायचे असतील, तर साइजमधून पिच वजा करा, तेवढा ड्रिल. एम६ला ५, एम१०ला ८.५, एम८ला ६.७५ येतो पण बाजारात ६.८ मिळतो, तो चालतो. ६.५ने भोक पाडून टॅप घालू नका प्लीज, टॅप आत तुटला की तो काढण्यात अख्खा दिवस जातो.

बोल्ट आधी बोटांनीच फिरवा, चार-पाच आटे सहज गेले तरच पाना.

आणि वागळे इस्टेटला दुकानात जाऊन "१३चा बोल्ट द्या" म्हणू नका, १३ हा पान्याचा नंबर झाला. एम८, पिच सव्वा, डोक्याखालून ४० लांब, ८.८ ग्रेड, एवढं सांगा.