बंद पडून असलेली पद्मिनी सुरू करण्याआधी

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी गाडी वर्षानुवर्षं उभी असेल, तर नवी बॅटरी लावून लगेच चावी फिरवू नका. सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा थर उरलेला नसतो. पिस्टनच्या कोरड्या रिंगा त्यावर घासल्या की ओरखडे पडतात.

आधी चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हलकेच ढकला, म्हणजे इंजिन फिरेल. इंजिन अडलं तर जोर लावू नका, पुन्हा तेल सोडून थांबा.

फिरलं, की ऑइल आणि फिल्टर बदला. ठिणगी पडू नये म्हणून इग्निशन कॉइलची वायर काढून, प्लगशिवायच, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत थोडा थोडा स्टार्टर मारा. मग प्लग आणि वायर परत लावा.

टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) धुवा. पेट्रोलचे रबरी पाइप मात्र चांगले दिसले तरी बदलाच. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर खातं, आणि गळती गरम इंजिनावर झाली तर गाडी पेटू शकते. रेडिएटरमध्ये पाणी आहे ना, तेही बघा. पहिल्यांदा सुरू करताना गाडी उघड्यावर हवी, अग्निशामक हाताशी.