जिवंत कोंबडीचा भाव कसा ठरतो: ब्रॉयलर व्यापारात नव्याने येणाऱ्यांसाठी

पश्चिम महाराष्ट्रातील एका ब्रॉयलर (म्हणजे मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या कोंबड्यांच्या) कंपनीच्या जिवंत पक्षी विक्री विभागात मी बरीच वर्षे काम केले आहे. कृषी किंवा पशुवैद्यकीय शिक्षण घेऊन या विभागात येणारी मुले आणि स्वतःचा टेम्पो घेऊन व्यापारात उतरू पाहणारे तरुण सर्वांत आधी एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे उद्याचा रेट काय निघेल. माझ्या मते त्याआधी विचारायला हवेत असे दोन प्रश्न आहेत: सहा आठवड्यांपूर्वी शेडमध्ये किती पिल्ले टाकली गेली आणि आज शेडमध्ये उभ्या असलेल्या पक्ष्यांचे सरासरी वजन किती आहे. या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्याची सवय ज्याला लागते, त्याला रेट अचानक पडला किंवा चढला असे सहसा वाटत नाही.

आपल्याकडे ब्रॉयलर कोंबडीचा बहुतांश व्यापार जिवंत पक्ष्यांचाच होतो. ग्राहकाला डोळ्यांसमोर कापलेला पक्षी हवा असतो आणि शीतसाखळीची सोय सर्वत्र पोहोचलेली नाही, त्यामुळे मोठ्या कंपन्यांचा मालही अखेरीस चिकन सेंटरच्या जाळीतच येतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील कोंबड्या व इतर पाळीव पक्ष्यांची संख्या ८५ कोटींहून अधिक नोंदली गेली. मात्र एवढ्या मोठ्या बाजाराला संपूर्ण देशासाठी लागू होईल असा एकच दर नाही. तमिळनाडूत पल्लडम येथील ब्रॉयलर उत्पादकांच्या समन्वय समितीचा दर पाहिला जातो, दिल्लीत गाझीपूरच्या मंडीकडे लक्ष असते, तर आपल्याकडे पुणे, नाशिक, अलिबाग अशा पट्ट्यांचे दर रोज संध्याकाळी मोबाइलवर फिरतात. हा जाहीर दर म्हणजे बोलणीची सुरुवात असते. प्रत्यक्ष व्यवहार पक्ष्याच्या आकारानुसार, अंतरानुसार आणि पैसे रोख आहेत की उधार यानुसार दोन-चार रुपये खाली-वर होतो, आणि नवख्याने प्रत्यक्ष दराचीच नोंद ठेवली पाहिजे.

या वेगवेगळ्या बाजारांना जोडणारी गोष्ट म्हणजे ट्रक. शेजारच्या राज्यातील दर आणि आपला दर यांतील फरक हा वाहतूक, वाटेतील वजनघट आणि मरतुक यांच्या एकत्रित खर्चापेक्षा मोठा झाला, की सीमेपलीकडचा माल येऊ लागतो आणि तो फरक थोड्याच दिवसांत मिटतो. म्हणून सोलापूर किंवा नांदेडमध्ये काम करणाऱ्याने तेलंगण आणि कर्नाटकचे दर न पाहता भाव सांगणे धोक्याचे आहे.

आता पुरवठ्याकडे येऊ, कारण या धंद्याचा गाभा तोच आहे. अंड्यातून पिल्लू बाहेर पडायला २१ दिवस लागतात आणि ते पिल्लू विक्रीयोग्य व्हायला साधारण ३५ ते ४२ दिवस लागतात. त्यामागे पेरेंट कोंबड्या, म्हणजे ब्रॉयलर पिल्लांची अंडी देणाऱ्या कोंबड्या असतात, ज्या वयाच्या चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्यापासून अंडी देऊ लागतात. याचा अर्थ असा, की आजचा चढा दर पाहून पिल्ले वाढवण्याचा निर्णय घेतला तरी त्याचा माल बाजारात यायला दीड-दोन महिने जातात, आणि तोवर मागणी कोणत्या वळणावर असेल हे कोणाच्याही हातात नसते. २०२० मध्ये हे सर्वांनी पाहिले. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून करोना पसरतो अशी निराधार अफवा समाजमाध्यमांवरून पसरली, मागणी कोसळली आणि उत्पादन खर्चाच्या निम्म्याहूनही कमी दराने पक्षी विकावे लागले. अनेक शेतकऱ्यांनी पक्षी फुकट वाटले, काहींनी पिल्ले नष्ट केली आणि नवी बॅच टाकणे थांबवले. अफवा ओसरल्यावर ग्राहक परत आले, पण शेडमध्ये पक्षीच नव्हते, त्यामुळे पुढील दोन-तीन महिन्यांत दर झपाट्याने वर गेले. पडलेल्या दराच्या काळात घाबरून शेड रिकामे ठेवणाऱ्यांना त्या तेजीचा काहीही लाभ झाला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

सरासरी वजनाचे महत्त्व समजायला थोडा हिशेब करावा लागतो. चाळीस दिवसांचा पक्षी दिवसाला सुमारे १०० ग्रॅम वाढतो आणि त्यासाठी १९० ते २०० ग्रॅम खाद्य खातो. खाद्याचा दर किलोला ४० रुपये धरला, तर वाढलेल्या प्रत्येक किलोमागे केवळ खाद्याचाच खर्च ८० रुपयांच्या जवळ जातो. दर त्याखाली असेल तर वाढलेले वजन तोट्याचेच असते, वर मरतुकीचा धोका वाढतो. तरीही दर पडला की उद्या सुधारेल या आशेने पक्षी थांबवून ठेवण्याकडे सगळ्यांचा कल असतो. सगळ्यांनी असे केले आणि सरासरी वजन २ किलोवरून २.४ किलोवर गेले, तर पक्ष्यांची संख्या तेवढीच राहूनही मांसाचा पुरवठा २० टक्क्यांनी वाढतो आणि मंदी आणखी लांबते. म्हणून विक्रीस निघणाऱ्या गाड्यांतील सरासरी वजन आठवडाभर सलग वाढताना दिसले, की माल तुंबला आहे असे समजावे. ते उतरू लागले, की तेजी जवळ आली आहे. लहान पक्ष्यांचा बाजार मात्र काहीसा स्वतंत्र चालतो. तंदूरसाठी लागणारा एक-सव्वा किलोचा पक्षी किलोमागे चढ्या दराने जातो, तर तीन किलोच्या पक्ष्याला दर कमी मिळतो.

उत्पादन खर्च स्वतः मांडता आला पाहिजे. उदाहरणादाखल, २.२ किलोच्या पक्ष्याचा एफसीआर (एक किलो वजनासाठी लागलेले किलोतील खाद्य) १.६ असेल, तर त्याने सुमारे साडेतीन किलो खाद्य खाल्लेले असते. ४० रुपये दराने ते १४० रुपये झाले. पिल्लू ३५ रुपये, औषधे व लसी ५ रुपये आणि शेतकऱ्याचे ग्रोइंग चार्जेस (पक्षी वाढवून देण्याचा मोबदला) किलोला ८ रुपयांप्रमाणे साडेसतरा रुपये धरले, तर एकूण खर्च १९८ रुपयांच्या आसपास, म्हणजे किलोला ९० रुपये येतो. यातील आकडे प्रत्येक महिन्याला बदलतात, पण खाद्याचा वाटा दोन तृतीयांशांच्या आसपासच राहतो, त्यामुळे मका आणि सोयापेंड या खाद्याच्या मुख्य घटकांच्या दरांची माहिती या व्यापाऱ्याला अनिवार्य आहे. २०२१ मध्ये सोयापेंड इतकी महागली, की ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने १२ लाख टन जनुकीय सुधारित सोयापेंडीच्या आयातीस परवानगी दिली. अलीकडे इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढल्याने दुसरी बाजूही तापली आहे. मात्र खर्च वाढला म्हणून त्याच आठवड्यात दर वाढत नाही. खर्च आधी पिल्ले टाकण्याचे प्रमाण कमी करतो आणि दर त्यानंतर सहा आठवड्यांनी हलतो.

मागणीसाठी पंचांग जवळ ठेवावे, आणि तेही फक्त आपलेच नव्हे. उत्तरेत पौर्णिमान्त गणना असल्याने तिथला सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. आपल्याकडे गटारीची तेजी असते तेव्हा मध्य प्रदेशातील मागणी आधीच उतरलेली असते आणि तिथला माल विदर्भ-खानदेशाकडे वळण्याची शक्यता असते. उलट राखीपौर्णिमेनंतर तिकडे मागणी सावरते आणि आपला श्रावण अजून अर्धा शिल्लक असतो. गणपती आणि नवरात्र हे आपले मंदीचे दिवस, तमिळनाडूत सप्टेंबरच्या मध्यापासूनचा पुरट्टासी महिना, तर दक्षिणेत नोव्हेंबरच्या मध्यापासून शबरीमलेच्या व्रताचे दिवस, अशी ही मंदी राज्याराज्यांतून फिरत राहते. धुळवड आणि ३१ डिसेंबर यांबद्दल वेगळे सांगायला नको. मात्र त्या दिवसांसाठीची पिल्ले कधी टाकली गेली याचा हिशेब आधी करावा.

रोगाच्या बातमीचा परिणाम रोगापेक्षा दूरवर पोहोचतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर येथे देशातील बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव निश्चित झाला, आणि जानेवारी २०२१ मध्ये अनेक राज्यांत तो आढळल्यावर गाझीपूरची मंडी काही दिवस बंद ठेवावी लागली. व्यवस्थित शिजवलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही हे ग्राहकाला शांतपणे सांगणे, हेही आपले काम आहे असे मी मानतो.

पैसा प्रत्यक्षात लिफ्टिंगच्या, म्हणजे शेडमधून पक्षी उचलून गाडीत भरण्याच्या रात्री कमावला किंवा गमावला जातो. पक्ष्यांना किती तास आधी खाद्य बंद केले होते हे वजन करण्यापूर्वी विचारावे, कारण भरलेल्या पोटाचे वजन खरेदीदाराच्या खात्यात पडते आणि मुंबईला पोहोचेपर्यंत नाहीसे होते. उन्हाळ्यात रात्रभराच्या प्रवासात शेकडा ३ ते ५ पर्यंत घट येऊ शकते. रिकाम्या क्रेटचे वजन, काट्याची तपासणी आणि प्रत्येक वजनाची वेगळी नोंद यांत संकोच करू नये. सुपरवायझर आणि शेतकरी दोघांनाही असा खरेदीदार आवडतो. किरकोळ दुकानाचा हिशेबही माहीत असावा. एक किलो जिवंत पक्ष्यातून सालीशिवायचे मांस साधारण ६५० ग्रॅम निघते, म्हणजे जिवंत दर १०० रुपये असेल तर दुकानदाराला मांस १५४ रुपयांना पडते, आणि त्यावर वाहतूक, मजुरी व नफा चढतो. शेतावरील दर पडूनही दुकानातील दर तेवढाच राहिला, तर खप वाढत नाही आणि शेडमधील माल हलत नाही.

उरला प्रश्न उधारीचा. कंपन्या बहुधा आगाऊ रक्कम घेऊनच गाडी भरू देतात, पण दुकानदार आपल्याकडून आठ-दहा दिवसांची उधारी मागतो, आणि या दोन टोकांमधील भांडवल व्यापाऱ्याचे अडकते. किलोमागे दोन-तीन रुपयांच्या नफ्यावर चालणाऱ्या या व्यवहारात एका दुकानाची बुडालेली उधारी महिन्याची कमाई नेते. म्हणून सुरुवातीला मोजकी, रोज पैसे देणारी चिकन सेंटर धरावीत, आदल्या गाडीचा हिशेब मिटल्याशिवाय पुढची जाळी उतरवू नये, आणि तेजीच्या दिवसांत मोठी मागणी घेऊन येणाऱ्या अनोळखी ग्राहकाला माल द्यायचा तर रोखीनेच द्यावा.